सेबेन येईपर्यंत थांबा : फ्रँको लुआम्बो आणि त्याची गिटार

ओझरचावारा :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज सुट्टी आहे तर बसलोच. मी कंपालाला तीन वर्षं नोकरीला होतो. ऑफिसच्या गाडीचे ड्रायव्हर वयाने साठीच्या पुढचे, त्यांना सगळे म्झे म्हणायचे म्हणजे आपल्याकडे आजोबा म्हणतात तसं. त्यांच्या गाडीत एकच माणूस वाजायचा, काँगोचा फ्रँको. पहिल्या आठवड्यात मी दोन-तीन मिनिटं ऐकून म्हटलं बरं आहे, गोड आहे, आता पुढचं लावा. तर ते म्हणाले, थांबा, गाणं अजून सुरूच झालेलं नाहीये. मला कळेना, कारण गाणारे तर केव्हाचे गात होते. आणि मग कधीतरी चौथ्या-पाचव्या मिनिटाला गायन मागे सरलं, गिटारी पुढे आल्या, एकच छोटा तुकडा फिरून फिरून फिरून यायला लागला आणि माझा पाय गाडीच्या फ्लोअरवर आपोआप आपटायला लागला. तो जो भाग असतो ना त्याला सेबेन म्हणतात. त्या दिवसापासून मी या माणसाचा झालो.

आपल्याकडे याच्याबद्दल मराठीत फार काही वाचायला मिळत नाही म्हणून मला जे माहीत आहे ते लिहितो, बाकीच्यांनी भर घाला.

पूर्ण नाव फ्रान्स्वा लुआम्बो माकियादी. जन्म ६ जुलै १९३८, सोना-बाता नावाचं गाव, खालचा काँगो. वाढला मात्र लेओपोल्डव्हिलला, म्हणजे आजचं किन्शासा, तेव्हा बेल्जियमचं राज्य. वडील रेल्वेत, ते लवकर गेले. आई न्गिरी-न्गिरीच्या बाजारात मिकाते विकायची, मिकाते म्हणजे तिकडचे तळलेले गोड गोळे, आपल्या गुलगुल्यांसारखे. पोरगं तिच्या टपरीशी बसून पत्र्याचा डबा आणि वायरमधली तार काढून बनवलेली गिटार वाजवायचं म्हणजे गिऱ्हाईक थांबेल. मला नेहमी वाटतं की याच्या वाजवण्यातलं सगळं तिथेच ठरून गेलं. चालत्या माणसाला थांबवायचं तर लांबलचक आलाप कामाचा नाही, एक पकड घेणारा तुकडा पाहिजे आणि तो सोडायचा नाही.

त्याच भागात पॉल देवायों नावाचा थोडा मोठा मुलगा गिटार वाजवायचा, त्याच्याकडे शिकला. १९५३ साली, वय पंधरा, लोनिंगिसा नावाच्या स्टुडिओत लागला. मालक ग्रीक व्यापारी, पापादिमित्रिऊ. त्या काळात लेओपोल्डव्हिलचे बरेच स्टुडिओ ग्रीक लोकांचेच होते. तिथे ऑंरी बोवान हा आधीच नाव झालेला गिटारिस्ट होता, त्याने पोराला हाताखाली घेतलं आणि फ्रान्स्वाचं फ्रँको करून टाकलं. आणि जून १९५६ मध्ये स्टुडिओतल्या वादकांनी मिळून बँड केला, ओके जॅझ. ओके हे नाव ज्या बारमध्ये वाजवायचे त्याच्यावरून. फ्रँको तेव्हा अठराचाही नव्हता. या बँडमध्ये तो मरेपर्यंत म्हणजे १९८९ पर्यंत वाजवत राहिला, तेहतीस वर्षं. नंतर नावापुढे तू-प्युइसाँ म्हणजे सर्वशक्तिमान लागलं आणि टीपी ओके जॅझ झालं.

सध्या इथेच थांबतो, जेवण वाढलंय.

सुरंगी :
छान धागा दादा! मी काँगोचं संगीत म्हणून कधी काही ऐकलं नव्हतं. एक विचारू का, याला रुंबा का म्हणतात? रुंबा तर क्यूबाचा ना?

सतारीचीतार :
सुरंगी, याचं उत्तर मला फार आवडतं म्हणून मी देते. क्यूबातल्या ज्या काळ्या लोकांनी ते संगीत घडवलं त्यातल्या पुष्कळांचे पूर्वज काँगो नदीच्या खोऱ्यातूनच गुलाम म्हणून नेलेले होते. मग १९३० च्या दशकात जीव्ही नावाच्या मालिकेतल्या क्यूबन तबकड्या आफ्रिकेत विकायला आल्या आणि काँगोतल्या लोकांना त्या परक्या वाटल्याच नाहीत, आपलंच काहीतरी परत आल्यासारखं झालं. सुरुवातीला गायक अर्थ न कळता स्पॅनिशसारखे शब्द पण गायचे. हळूहळू लिंगाला भाषा आली आणि पियानो-ट्रंपेटचं काम गिटारीने उचललं. तबकडीवर लेबल रुंबा असायचं म्हणून रुंबा, खरं तर त्यातलं बरंचसं संगीत सोन नावाच्या क्यूबन प्रकाराचं आहे. १९४८ ला वेंडो कोलोसॉयचं एक गाणं प्रचंड गाजलं, त्यात गिटार वर म्हटलेल्या ऑंरी बोवानचीच होती. २०२१ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने काँगोलीज रुंबा वारसा यादीत घेतला, दोन्ही काँगोंनी मिळून अर्ज केला होता, किन्शासावाला आणि नदीपलीकडचा ब्राझाव्हिलवाला.

धडाडधुम :
मी सुकूसवाला आहे, सुकूस म्हणजे काँगोचंच वेगवान नाचाचं संगीत, दिब्लो दिबाला, कांडा बोंगो मॅन, लोकेटो, असलं फास्ट. खरं सांगतो फ्रँको मला स्लो वाटतो. दिब्लोची बोटं बघा, त्याला लोक मशीनगन म्हणायचे ते उगाच नाही. फ्रँको एकच लाइन पाच मिनिटं वाजवतो, यात ग्रेट काय ते कोणीतरी नीट समजावून सांगा, भांडायला नाही विचारत, खरंच समजून घ्यायचंय.

ओझरचावारा :
जेवून आलो. धडाडधुम भाऊ, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि माझा सगळा धागा याच प्रश्नासाठी आहे म्हटलं तरी चालेल.

आधी एक गोष्ट, तुमचा दिब्लो पोरवयात, पंधरा-सोळाचा असताना, काही महिने फ्रँकोच्याच बँडमध्ये वाजवून गेलेला आहे. म्हणजे घर एकच. कांडा बोंगो मॅनने १९८१ ला पॅरिसमध्ये पहिला अल्बम केला, त्यावर गिटार दिब्लोची, आणि त्या लोकांनी काय केलं तर सुरुवातीचा सावकाश भाग जवळजवळ काढूनच टाकला आणि गाणं थेट सेबेनवर आणलं. पॅरिस-लंडनच्या डान्स फ्लोअरवर लिंगाला कोणाला कळत नव्हती मग शब्दांसाठी थांबणार कोण. त्यांच्या जागी ते बरोबर होतं आणि त्यात मजा आहेच, मी पण ऐकतो.

पण फ्रँकोचे ऐकणारे शब्दांसाठी थांबायचे. किन्शासात गाण्याचा पहिला भाग म्हणजे गोष्ट. नवरा-बायकोचं भांडण, सवती, पैशावाली बाई आणि तिच्या जिवावर बसलेला पोरगा, साहेब, शेजारी, भाडेकरू. लोक ऐकायचे, हे कोणावर आहे ओळखायचे, आणि मग सेबेन आला की ती सगळी गोष्ट अंगात घेऊन नाचायचे. म्हणून तो तुकडा पाच मिनिटं तोच असतो, कारण वर मनात गोष्ट फिरत असते. आपल्याकडे भजनात अभंग म्हणून झाला की शेवटी एकच ओळ धरतात आणि टाळ-मृदंग वर चढत जातो, तिथे कोणी म्हणत नाही की ओळ का बदलत नाही. बदलली तर सगळं मोडेल ना.

आणि नीट कान दिलात तर ते तेच नसतं. अंगठा आणि पहिलं बोट एवढ्यावरच त्याचं बरंचसं काम, दोन तारा एकदम छेडायच्या, वरचा आणि खालचा सूर जोडीने चालायचे. प्रत्येक फेरीत कुठेतरी एक ठोका किंचित मागे खेचलेला असतो नाहीतर एक सूर गाळलेला. गाळलेला सूर आपण मनात वाजवतो. हे एकदा ऐकू यायला लागलं की सुटत नाही.

सतारीचीतार :
अंगठा आणि एका बोटाबद्दल भर घालते. मध्य आफ्रिकेत लिकेम्बे म्हणून वाद्य आहे, लाकडी पेटीवर लोखंडी पट्ट्या, दोन अंगठ्यांनी वाजवतात. तिकडच्या गिटारीतलं दोन बोटांचं काम त्या वाद्याच्या हाताशी जुळतं, म्हणजे वाद्य युरोपचं पण हात गावचाच राहिला. मी स्वतः गिटार वाजवते, पंधरा वर्षं झाली, आणि फ्रँकोची साधी वाटणारी ओळ मला पट्टीवर बसवायला महिना लागला. सूर सगळे सापडले पहिल्या दिवशीच, पण चालत नव्हती.

दुसरं म्हणजे एकट्या फ्रँकोला ऐकू नका, गिटारी मोजा. साधारण तीन असतात. एक ऱ्हिदम, खाली कॉर्ड तोडून तोडून वाजवते. एक सोलो. आणि मधली असते तिला मी-सोलो म्हणतात, ती या दोघींच्या फटीत बसते. त्यासाठी मी-काँपोझे म्हणून एक युक्ती आहे, चौथी तार म्हणजे जाड डी काढून तिथे पातळ तार लावतात आणि एक सप्तक वर मिळवतात. मग ती गिटार किणकिणते. रेकॉर्डवर पाण्यासारखं जे वाहत असतं ना ते एका माणसाचं नसतंच, तीन जण एकमेकांची रिकामी जागा भरत असतात.

नैरोबीचा_भाचा :
वा! हा धागा बघून फार बरं वाटलं. आम्ही म्हापशाचे, माझे मामा १९५० च्या दशकात नैरोबीला गेले ते १९७८ ला परत आले. रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. गोव्याचे कितीतरी लोक तेव्हा पूर्व आफ्रिकेत कचेऱ्यांत, शिवणकामात, बँडमध्ये होते. मामांकडे पेटीभर पंचेचाळीसच्या तबकड्या होत्या त्यात जिम रीव्ज पण होता आणि ओके जॅझ पण होतं. केनियात लिंगाला समजणारे मूठभर पण काँगोचं संगीत घराघरात, स्वाहिली बोलणारे लोक चाल पाठ म्हणायचे.

मामांची एक आठवण सांगतो. त्या छोट्या तबकडीवर गाणं दोन बाजूंना तोडलेलं असायचं, पहिल्या बाजूला गाणं आणि उलटी केली की दुसऱ्या बाजूला सेबेन. मामा म्हणायचे की शनिवारी रात्री पार्टीत तबकडी उलटी करायचा मान एकाच माणसाला असायचा आणि त्या दोन-चार सेकंदांच्या शांततेत सगळे आपापली जोडी धरून उभे राहायचे. वारा यांनी शीर्षकात थांबा लिहिलंय ते वाचून मला तेच डोळ्यासमोर आलं.

सुरंगी :
किती सुंदर आठवण आहे ही.

मधुकर_म :
संगीताबद्दल सगळं मान्य पण एक बाजू कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. फ्रँको हा काँगोचा हुकूमशहा मोबुतू याचा माणूस होता. १९८४ च्या निवडणुकीत मोबुतू एकटाच उमेदवार, आणि याने आमचा उमेदवार मोबुतू असं अख्खं गाणं केलं. १९७३-७४ ला परदेशी लोकांचे धंदे काढून घेऊन आपल्या माणसांना वाटले तेव्हा देशातला रेकॉर्ड छापायचा मोठा कारखाना, माझादिस, फ्रँकोच्या हातात आला. म्हणजे बाकीच्या कलाकारांच्या तबकड्या छापणार की नाही हे पण याच्या हातात. हुकूमशहाच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाला नुसतं जादूगार म्हणून डोक्यावर घ्यायचं का?

ओझरचावारा :
मधुकरराव, तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे, एकही गोष्ट मी नाकारत नाही. मी फक्त त्याला लागून असलेल्या गोष्टी मांडतो.

१९६५ च्या नोव्हेंबरमध्ये मोबुतूने सत्ता घेतली. जून १९६६ ला चार जणांना, त्यात माजी पंतप्रधान एव्हारिस्त किंबा होते, भर चौकात हजारो लोकांसमोर फाशी दिली. त्यानंतर फ्रँकोने किकाँगो भाषेत एक जुन्या लोकगीतावरचं गाणं काढलं, त्यात चेटूक करून आपल्याच माणसांचा बळी देणारा एक मुखिया आहे. लोकांना कळायचं ते कळलं आणि सरकारला पण कळलं. गाणं बंद झालं आणि फ्रँको नदी ओलांडून ब्राझाव्हिलला गेला, काही महिने तिकडेच होता. मग परत आला. त्यानंतर त्याने सरळ सरळ विरोध केलाय असं मला कुठे दिसत नाही. १९७१ ला देशाचं नाव झाईर झालं, लोकांना ख्रिस्ती नावं टाकून आफ्रिकन नावं घ्यायला लावली, तेव्हा हा पण फ्रान्स्वाचा लोकांगा ला न्जू पेने लुआम्बो माकियादी झाला आणि त्या मोहिमेसाठी बँड घेऊन देशभर फिरला. १९७४ ला किन्शासात अली आणि फोरमनची मुष्टियुद्धाची लढत होती त्याच्या जोडीचा मोठा संगीत महोत्सव झाला, जेम्स ब्राऊन, बीबी किंग आले होते, त्यात यजमानांकडून ओके जॅझ होतंच.

आणि त्याच मोबुतूच्या राज्यात १९७८ ला अश्लील गाण्यांसाठी त्याला तुरुंगात टाकलं. सन्मान काढून घेतले. दोन वर्षांत परत बोलावून ग्रां मैत्र म्हणजे महागुरू किताब दिला. म्हणजे कधी वर उचलायचं, कधी आपटायचं, हे सगळं एकाच हातात. मला यात त्याला सोडून द्यायचं नाहीये. कारखाना घेतला तो त्याने घेतला, पैसे कमावले, नाइट क्लब बांधला. पण मला हे पण दिसतं की समोर सगळं बंद झाल्यावर त्याने बोलायची जागा बदलली. राजा सोडला आणि घर धरलं. १९८३ ला ताबू ले या दुसऱ्या दिग्गजाबरोबर मिळून त्याने डायरेक्टर जनरल साहेबांना पत्र असं गाणं केलं, त्यात राजाचं नाव नाही पण खालचा साहेब कसा वागतो ते सगळं आहे.

मधुकर_म :
हे पटलं. फाशीनंतरच्या गाण्याबद्दल मला माहीत नव्हतं. माझं म्हणणं तेवढंच होतं की दोन्ही लिहा, ते तुम्ही लिहिलंत.

निवृत्त_सुभेदार :
नमस्कार. मी इथे फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या. मी संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर काँगोला गोमा येथे एक वर्ष होतो. आपल्या सैन्याची मोठी तुकडी तिथे नॉर्थ किवूमध्ये बरीच वर्षं होती. गोमा म्हणजे ज्वालामुखीच्या शेजारचं शहर, २००२ साली लाव्हा शहरातून वाहून गेला त्याचे काळे दगड सगळीकडे, त्याच दगडांच्या भिंती, त्याच दगडांचे रस्ते. आम्ही गेलो तेव्हा लोकांचे हाल फार होते, कॅम्पमध्ये पावसात ताडपत्रीखाली संसार.

आमच्या कॅम्पला भाजी द्यायला एक गृहस्थ यायचे त्यांच्याजवळ छोटा रेडिओ. माझी फ्रेंच नाही, त्यांची हिंदी नाही, पण रेडिओवर गाणं लागलं की ते बोट वर करून सांगायचे फ्रँको, फ्रँको, आणि छातीवर हात ठेवायचे. तिकडे पूर्व भागात लोक स्वाहिली बोलतात, किन्शासा तिथून दीड हजार किलोमीटरच्या वर लांब, मध्ये धड रस्ता नाही. एवढ्या मोठ्या फाटलेल्या देशात ज्याचं नाव ऐकून कोणाच्याही चेहऱ्यावर राग येत नव्हता असा मला हाच एक माणूस दिसला. गाणं मला आजही कळत नाही. पण ते कुठे लागलं की मला ते काळे दगड आणि ते गृहस्थ आठवतात.

ओझरचावारा :
सुभेदार काका, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. अजून आठवेल ते लिहा, चुका वगैरे काही नाहीत.

सुरंगी :
काका, वाचून डोळ्यात पाणी आलं.
मी काल रात्री मारिओ ऐकलं. १९८५ चं आहे असं लिहिलेलं दिसलं. जवळजवळ एलपीची अख्खी बाजू एकच गाणं! भाषा कळत नाही तरी कोणीतरी कोणालातरी खूप बोल लावतंय असं वाटलं. कोणी अर्थ सांगेल का?

ओझरचावारा :
सुरंगी ताई, बरोबर ओळखलंत. मारिओ हा शिकलेला तरुण, काम करत नाही, वयाने मोठ्या पैसेवाल्या बाईच्या घरी राहतो, तिचे कपडे, तिची गाडी, तिचं अन्न, आणि वर तिच्यावरच रुबाब. गाण्यात ती बाई वैतागून बोलतेय. डिग्र्या आहेत ना तुझ्याकडे मग जा ना नोकरी बघ, असं. आपल्याकडे पण असे मारिओ कमी नाहीत, त्यामुळे अनुवाद फार लागत नाही. या गाण्यानंतर तिकडे अशा पोरांना मारिओच म्हणायला लागले.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की फ्रँको दिसायला अवाढव्य पुरुष, आवाज जाडा, आणि तो बाईच्या तोंडून बोलतो. असं त्याने कितीतरी गाण्यांत केलंय. दुसरा गोड वर चढणारा आवाज मादिलू सिस्टमचा. फ्रँको मधेमधे गात पण नाही, बोलतो, रागावतो, आणि त्याची गिटार मागून हो हो करत असते. म्झे म्हणायचे की हा बाजारातल्या बायकांमध्ये मोठा झालाय, त्याला त्यांचं बोलणं येतं. आईच्या टपरीवरून त्याने काय काय ऐकलं असेल बघा.

पण हे पण सांगितलं पाहिजे की बाईच्या तोंडून बोलणारा हाच माणूस दुसऱ्या गाण्यांत बायकांना लोभी, लबाड ठरवतो आणि ते ऐकताना त्रास होतो. तिकडच्या बायकांनी त्याच्यावर त्यासाठी टीका केलेली आहे, आणि ती बरोबर आहे.

धडाडधुम :
ओके, मी तुम्ही सांगितलं तसं केलं. हेडफोन लावून, मोबाइल बाजूला ठेवून, अख्खं. आणि गिटारी मोजल्या. आधी दोनच सापडल्या, तिसरी सापडली तेव्हा खरंच अंगावर काटा आला, कारण ती पहिल्यापासून तिथेच होती. आता मागचं दिब्लोचं ऐकतोय तर त्यात पण ते दिसतंय, तो वेगात करतो एवढंच.
डॉक्टर निको कोण ते पण सांगा, सगळीकडे कॉमेंटमध्ये फ्रँको मोठा की निको मोठा असं चाललेलं असतं.

सतारीचीतार :
निको म्हणजे निकोला कासांडा, १९३९ चा, फ्रँकोपेक्षा एका वर्षाने लहान. कबासेले यांच्या आफ्रिकन जॅझ बँडमधला. १९६० च्या सुरुवातीला ब्रसेल्सला स्वातंत्र्याची बोलणी चालू होती तेव्हा कबासेले बँड घेऊन तिथे गेले आणि तिथेच इंदिपांदाँस चा-चा हे गाणं तयार झालं, आफ्रिकेत कितीतरी देशांत स्वातंत्र्याचं गाणं म्हणून वाजलं. त्यावर गिटार निकोची. ओके जॅझमधले व्हिकी लोंगोम्बा आणि ब्राझोस पण त्या दौऱ्यात होते, फ्रँको नव्हता.

निकोची गिटार शिकलेल्या माणसासारखी, लांब, नाजूक, हवेत तरंगणारी, पुढे त्याने हवाईयन गिटार पण आणली. तिकडे यांना दोन घराणीच म्हणतात, आफ्रिकन जॅझवाले आणि ओके जॅझवाले. फ्रँकोच्या घराण्याचं नाव ओदेम्बा, त्यात माती जास्त. मला विचाराल तर निको ऐकताना मी डोळे मिटते आणि फ्रँको ऐकताना उघडते, मोठा कोण ते मला ठरवायचं नाहीये. निको १९८५ ला गेला, शेवटची वर्षं फार हलाखीत. त्याच्यावर वेगळा धागा हवा.

नैरोबीचा_भाचा :
बँडमधल्या बाकीच्यांची पण नावं घ्या हो, नाहीतर एकाच माणसाने सगळं केलं असं वाटतं. सिमारो लुतुम्बा! १९६१ पासून फ्रँको जाईपर्यंत ऱ्हिदम गिटार वाजवत शेजारी उभा राहिला, आणि गाणी अशी लिहायचा की त्याला कवीच म्हणायचे. १९७४ चं त्याचं माबेले, म्हणजे माती, सॅम मांग्वानाने गायलेलं, मामांना फार प्रिय होतं. सॅक्सोफोनवर व्हेर्किस होता, त्याने पुढे स्वतःचा बँड आणि लेबल काढलं. पापा नोएल १९७८ ला आले, ते स्वतःच उस्ताद, म्हातारपणी क्यूबाच्या पापी ओव्हिएडोबरोबर, म्हणजे त्रेस हे गिटारीसारखं क्यूबन वाद्य वाजवणाऱ्याबरोबर, रेकॉर्ड केली. क्यूबाहून निघालेली तबकडी परत क्यूबाच्या वादकाशी येऊन भेटली असं मला ते ऐकताना वाटतं. आणि गिटारिस्ट सिरान एम्बेंझाने २००९ ला फ्रँकोच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला, तो नवीन ऐकणाऱ्यांनी जरूर ऐका, रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, तीनही गिटारी लगेच सापडतात.

ओझरचावारा :
भाचा, बरं केलंत. सिमारोबद्दल मी लिहायलाच हवं होतं, तो नसता तर फ्रँकोला इतकं मोकळं फिरता आलं नसतं, ऱ्हिदम धरून ठेवणारा होता म्हणून.

शेवटच्या काळाबद्दल लिहायचं राहिलंय. १९८७ ला त्याने एड्सवर गाणं केलं, आतांसियों ना सिदा, म्हणजे एड्सपासून सावध राहा. पंधरा मिनिटांच्या वर आहे. त्या वेळी आफ्रिकेतली बरीच सरकारं या आजाराचं नाव घ्यायला तयार नव्हती, लोक लपवत होते, रोग्याला घराबाहेर काढत होते. आणि हा सगळ्यात मोठा गायक उभा राहून एकेकाला हाक मारून बोलतो. विद्यार्थ्यांनो, आईवडिलांनो, डॉक्टरांनो, सरकारांनो. आजारी माणसाला टाकू नका म्हणतो. बरंचसं फ्रेंचमध्ये, म्हणजे काँगोबाहेर पण कळावं. आवाजात कुठेही नाटक नाही, खाली सेबेनसारखीच गिटार चालू आहे. मी हे गाणं म्झेंच्या गाडीत ऐकलं तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली होती. त्यांचे दोन भाऊ त्या आजारात गेले होते. त्या दिवशी आम्ही ऑफिसला उशिरा पोचलो आणि कोणी काही विचारलं नाही.

फ्रँको १२ ऑक्टोबर १९८९ ला बेल्जियममध्ये नामूरच्या हॉस्पिटलात वारला, एकावन्न वर्षांचा होता. झाईरमध्ये चार दिवस राष्ट्रीय दुखवटा, रेडिओवर फक्त त्याचीच गाणी. मोबुतूनेच दुखवटा जाहीर केला, मधुकरराव, ते पण आहेच. पण रस्त्यावर जी गर्दी झाली ती कोणाच्या हुकमाने झाली नव्हती.

मधुकर_म :
मान्य. एड्सचं गाणं ऐकलं आत्ता. इंग्रजी सबटायटल लावून. माझ्या मनातलं त्याचं चित्र बदललं नाही पण मोठं झालं.

निवृत्त_सुभेदार :
ज्यांना शक्य आहे त्यांनी मला एक-दोन गाण्यांची नावं मराठीत लिहून द्यावीत, नातवाला सांगून मोबाइलवर लावून घेतो. सावकाश असलेली द्या.

सुरंगी :
काका, मारिओ आणि माबेले लावायला सांगा. आणि शेवटपर्यंत बंद करू नका म्हणावं.

सतारीचीतार :
आज दुपारी एक गोष्ट केली ती सांगून जाते. जुन्या गिटारीची डी तार काढली, पहिल्या तारेच्या जाडीची लावली आणि सप्तक वर मिळवली. माझी मैत्रीण गिटार शिकतेय, तिला ऱ्हिदमला बसवलं, तिचा धाकटा भाऊ सोलोला, मी मधे. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ, तिघंही एकाच जागी वाजवत होतो. मग भाऊ म्हणाला की ताई तू माझ्या नंतर वाजव, माझ्याबरोबर नको. तसं केलं आणि एकदम जागा मोकळी झाली. किती वेळ वाजवलं कळलं नाही, खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, आम्हाला वाटलं आवाजाची तक्रार, तर त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चालू द्या.